फोनवरून सर्व्हर हाताळताना: व्हर्च्युअल मशीनवर दुरून ताबा कसा मिळतो

अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्याच्या ऑफिसात पूर्वी तीन-चार कॉम्प्युटर नुसते चालू ठेवण्यासाठी असायचे. एकावर टॅली, दुसऱ्यावर हजेरीचं सॉफ्टवेअर, आणि तिसरा जुन्या सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवण्यासाठी राखलेला, कारण ते सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या पुढे चालतच नाही. आता बऱ्याच ठिकाणी या सगळ्यांच्या जागी एकच दणकट सर्व्हर दिसतो. ते तिन्ही कॉम्प्युटर गेलेले नसतात. त्या एका सर्व्हरच्या आत, सॉफ्टवेअरच्या रूपात, ते वेगवेगळे चालत असतात. यांनाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात, रोजच्या बोलण्यात व्हीएम.

अशा ऑफिसची सिस्टीम सांभाळणारा माणूस घोटीच्या टोलनाक्यावर असतो आणि फोन येतो, “सर, टॅली उघडत नाहीये.” जवळ लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल. तरीही त्या मोबाइलवरून ते व्हीएम बंद करून पुन्हा चालू करता येतं, आत शिरून काय अडलंय ते पाहता येतं, डिस्क भरली असेल तर जागा मोकळी करता येते. आज हे सगळं जमतं आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. पण ते कसं घडतं हे न समजता कुठलं तरी ॲप टाकून दिलं, तर तीच सोय चोरालाही मिळते. म्हणून जरा मुळापासून पाहू.

व्हीएमचं बटण कुठे असतं?

सर्व्हरचा प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचे वाटे करून प्रत्येक व्हीएमला त्याचा वाटा देणारं जे सॉफ्टवेअर असतं, त्याला हायपरव्हायझर म्हणतात. व्हीएमच्या आतल्या विंडोजला आपण स्वतंत्र कॉम्प्युटरवर चालतोय असंच वाटत राहतं. प्रत्यक्षात तिची हार्डडिस्क म्हणजे बहुतेक वेळा सर्व्हरवरची एक भलीमोठी फाइल असते, आणि तिचं नेटवर्क कार्ड हेही सॉफ्टवेअरच.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली आपल्या मेनफ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य कॉम्प्युटरसाठी, व्हीएम/३७० जाहीर केलं होतं. साध्या पीसीवर ते जमवणं कठीण होतं. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये ते सॉफ्टवेअरच्या बळावर करून दाखवलं, मग २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच तशी सोय दिली. २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायझर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नेलचाच, म्हणजे गाभ्याचाच, भाग झाला. छोट्या ऑफिसांत आवडीने वापरलं जाणारं प्रॉक्समॉक्स याच केव्हीएमवर उभं आहे आणि ते फुकट वापरता येतं.

आपल्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट एकच. खऱ्या कॉम्प्युटरचं पॉवर बटण दाबायला कोणाला तरी तिथे जावं लागतं. व्हीएमला असं बटण नाहीच. ‘चालू हो’ हा हायपरव्हायझरला दिलेला एक आदेश असतो, आणि आदेश नेटवर्कवरून पाठवता येतो. तो शेजारच्या टेबलावरून आला की दिंडोरीच्या पॅकहाउसमधून, हायपरव्हायझरला फरक पडत नाही.

ताबे दोन, आणि ते वेगळे

“फोनवर कुठलं ॲप टाकू?” हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: तुम्हाला व्हीएम बाहेरून हाताळायचंय की त्याच्या आत जाऊन काम करायचंय?

सोसायटीतल्या फ्लॅटचा विचार करा. तळमजल्यावरच्या मीटररूममधून त्या फ्लॅटची वीज बंद-चालू करता येते, पण स्वयंपाकघरातला नळ बंद करता येत नाही. नळ बंद करायला किल्ली घेऊन वर जावं लागतं, आणि आतून कडी अडकली असेल तर ती किल्लीही उपयोगाची नाही.

हायपरव्हायझरचा ताबा म्हणजे मीटररूम. प्रॉक्समॉक्सचं नियंत्रण-पान सर्व्हरच्या ८००६ क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याचा क्रमांक दिलेला दरवाजा), साध्या ब्राउझरमध्ये उघडतं. फोनच्या क्रोममध्येही ते दिसतं आणि अँड्रॉइडवर त्यांचं वेगळं ॲपही आहे. व्हीएम भाड्याच्या क्लाउडवर असेल, तर ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तिघांचीही मोबाइल ॲप आहेत. इथे व्हीएमची यादी दिसते, कोण किती प्रोसेसर आणि रॅम खातंय ते दिसतं, चालू-बंदचे आदेश देता येतात.

आतला ताबा वेगळ्या वाटेने मिळतो. लिनक्स असेल तर एसएसएच, म्हणजे दुरून आदेश टंकून काम करण्याची सोय. विंडोज असेल तर आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. यात हायपरव्हायझरला काही विचारलं जात नाही. फोन थेट आतल्या विंडोजशी किंवा लिनक्सशी बोलतो. साहजिकच आतली सिस्टीम गोठली किंवा तिचं नेटवर्क बिघडलं की ही वाट बंद होते, आणि तेव्हा बाहेरचाच ताबा कामी येतो. हायपरव्हायझरमध्ये ‘कन्सोल’ नावाची सोय असते. ती व्हीएमचा जणू मॉनिटरच दाखवते, त्यामुळे विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर अडकली तरी ते फोनवर दिसतं. आरडीपीमध्ये ते कधीच दिसणार नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की दोन्ही ताबे आधीच तयार करून, तपासून ठेवावेत. नुसती आरडीपीची सोय केली म्हणजे व्यवस्था झाली असं समजू नये.

हा फरक पैशांतही दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या क्लाउडवर तुम्ही विंडोजच्या आत जाऊन ‘शट डाउन’ केलंत, तर आतली सिस्टीम बंद होते, पण हार्डवेअरमधला तुमचा वाटा राखीवच राहतो आणि भाडं चालू राहतं. ॲपमधून, म्हणजे बाहेरून, ‘स्टॉप’ केलं की तो वाटा सुटतो आणि व्हीएमचं भाडं थांबतं. डिस्कचं भाडं मात्र तेव्हाही लागतंच.

दाबण्याआधी वाचायची बटणं

फोनच्या छोट्या पडद्यावर ‘शट डाउन’ आणि ‘स्टॉप’ शेजारीशेजारी असतात आणि घाईत अंगठा कुठेही पडतो. प्रॉक्समॉक्समध्ये यातलं पहिलं बटण आतल्या सिस्टीमला निरोप पाठवतं: कामं आवर, फाइली लिहून घे आणि बंद हो. दुसरं बटण वायर उपटल्यासारखं तत्क्षणी बंद करतं. टॅलीत एंट्री चालू असताना ‘स्टॉप’ दाबलं तर डेटा बिघडू शकतो. गोठलेल्या व्हीएमला दुसरा इलाज नसतो हे खरं, पण तो शेवटचाच इलाज. क्लाउडच्या ॲपमध्ये मात्र ‘स्टॉप’ला सहसा आधी आवरायची संधी देणारा अर्थ असतो, त्यामुळे एकीकडची सवय दुसरीकडे वापरू नका. व्हीएमच्या आत गेस्ट एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला की आवरून बंद होण्याचा निरोप जास्त भरवशाने पोचतो.

स्नॅपशॉट हे आणखी एक सोन्यासारखं बटण. त्या क्षणी व्हीएम जसं आहे तशी त्याची नोंद होते. टॅलीचं नवं रिलीज टाकण्याआधी स्नॅपशॉट घ्यावा, बिघडलंच तर दोन मिनिटांत मागे जाता येतं. मात्र मागे जाणं म्हणजे मधल्या काळातल्या सगळ्या एंट्रीही जाणं. सकाळी स्नॅपशॉट घेतला, दिवसभर अकाउंटंटने बिलं टाकली आणि संध्याकाळी तुम्ही गाडीतून ‘रोलबॅक’ दाबलं, तर त्याचा पूर्ण दिवस पुसला गेला. आधी त्याला फोन करा, मगच बटण दाबा. शिवाय स्नॅपशॉट सहसा त्याच डिस्कवर असतो, त्यामुळे डिस्क गेली की तोही गेला. बॅकअप वेगळ्या जागीच हवा.

आत शिरल्यावर

एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडमधल्या टाटू युलोनेन यांनी लिहिलं. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत असल्याचं उघड झालं होतं, आणि त्यावरचा उपाय म्हणून सगळं संभाषण कूटबद्ध करणारं हे साधन जन्माला आलं. यात फक्त अक्षरं जातात-येतात, त्यामुळे डेटा नगण्य लागतो. पेठ किंवा सुरगाण्याकडे सिग्नलची एकच काडी असली तरी एसएसएच रेटत नेता येतं.

आरडीपीमध्ये पडद्याचं चित्र पाठवावं लागतं. ते प्रत्येक वेळी पूर्ण पडदा पाठवत नाही, जो भाग बदलला तेवढाच दाबून पाठवतं. तरी त्याला बरं नेटवर्क हवंच. सेटिंगमध्ये रंगांची खोली कमी करा, वॉलपेपर आणि ॲनिमेशन बंद करा, फरक लगेच जाणवतो. दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून आरडीपीने येता येत नाही, प्रो किंवा सर्व्हर लागते. आणि विंडोज प्रोवर तुम्ही फोनवरून आत शिरलात की ऑफिसातल्या माणसाचा पडदा लॉक होतो, कारण एका वेळी एकच जण बसू शकतो.

मोबाइलच्या कीबोर्डवर कंट्रोल, आल्ट, टॅब, एस्केप या कळाच नसतात. चांगली एसएसएच आणि आरडीपी ॲप त्यांची वेगळी ओळ दाखवतात, ॲप निवडताना आधी ती पाहावी. कीबोर्ड मराठीवर असेल तर इंग्रजीवर आणा आणि शब्द आपोआप दुरुस्त करण्याची सोय बंद करा. ती आदेशातलं अक्षर गुपचूप बदलते. टॅलीत वाउचर टाकण्यासारखं काम फोनवर करूच नये असं मी म्हणेन. फोन पाहण्यासाठी, सोडवण्यासाठी, चालू-बंद करण्यासाठी. टंकायचं काम जास्त असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड घ्या.

कसाऱ्याच्या घाटात काय होतं

नाशिक-मुंबई रेल्वेने जाणाऱ्यांना इगतपुरी ते कसारा हा टप्पा ठाऊक आहे. बोगदा आला की नेटवर्क गेलं, बाहेर आलं की पुन्हा आलं. नेमक्या अशा वेळी व्हीएममध्ये एखादं मोठं काम चालू असेल तर?

आरडीपीत जोडणी तुटणं आणि लॉग ऑफ होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जोडणी तुटली तरी आतलं काम चालू राहतं आणि पुन्हा जोडल्यावर पडदा होता तसाच मिळतो. एसएसएचमध्ये तसं नाही. जोडणी तुटली की त्यात थेट चालवलेला आदेश बऱ्याचदा मध्येच मरतो. सिस्टीम अपडेट अर्धवट राहिलं तर निस्तरायला वेळ जातो. म्हणून आत शिरल्याबरोबर टीमक्स किंवा स्क्रीन हे प्रोग्रॅम चालू करून मगच काम सुरू करावं. ते काम व्हीएमच्या बाजूला धरून ठेवतात, तुम्ही बोगद्यात असा की बाहेर. मॉश नावाचं साधन याच अडचणीसाठी २०१२ मध्ये एमआयटीत तयार झालं. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला, पत्ता बदलला, तरी त्याची जोडणी टिकते.

फोन सर्व्हरपर्यंत पोचतो कसा?

इथेच बहुतेकांची गाडी अडते आणि इथेच सर्वांत मोठा धोका आहे, म्हणून जरा थांबू.

ऑफिसच्या वायफायवर असताना सगळं सहज जोडलं जातं. बाहेर पडलं की नाही. कारण सर्व्हरचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता फक्त ऑफिसच्या आतला असतो. जुन्या पद्धतीच्या, आयपीव्ही४ च्या पत्त्यांची एकूण संख्याच सुमारे ४२९ कोटी आहे, जगाला ती पुरत नाही. त्यामुळे इंटरनेट कंपन्या अनेकदा शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरायला लावतात. बाहेरून आलेल्या हाकेला मग तुमचं ऑफिस नेमकं कोणतं ते कळतच नाही.

यावर ‘स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घ्या आणि राउटरवर ३३८९ पोर्ट उघडा’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. ३३८९ हा आरडीपीचा ठरलेला पोर्ट. तो इंटरनेटवर उघडा ठेवला की जगभरचे स्वयंचलित प्रोग्रॅम तो शोधून काढतात आणि ‘ॲडमिन’, ‘टॅली’ अशी नावं टाकून पासवर्ड आजमावत बसतात. पोर्टचा आकडा बदलून भागत नाही, हे प्रोग्रॅम सगळे पोर्ट चाचपतात. मे २०१९ मध्ये आरडीपीतच ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली. तिच्यात पासवर्डचीही गरज नव्हती. विंडोज ७ आणि एक्सपी तिच्या तावडीत होत्या, आणि मायक्रोसॉफ्टने तोवर वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली इतकी ती गंभीर होती. सीएनसीसाठी जपलेलं ते विंडोज ७ चं व्हीएम आठवा. त्या आवृत्तीचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आहे. त्याला इंटरनेटचा वाराही लागू देऊ नये.

खंडणीखोर व्हायरस आत येण्याची ही ठरलेली वाट आहे. सगळ्या फाइली कुलूपबंद होतात आणि पैसे मागितले जातात. हायपरव्हायझरचा ताबाच गेला तर एका झटक्यात सगळी व्हीएम गेली. असं घडलंच तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपनीने ६ तासांच्या आत त्यांना कळवणं बंधनकारक आहे.

योग्य वाट व्हीपीएनची. फोन आणि ऑफिस यांच्यात आधी एक कूटबद्ध खासगी जोडणी करायची आणि आरडीपी, एसएसएच, प्रॉक्समॉक्सचं पान हे सगळं तिच्या आतून वापरायचं. राउटरवर त्यांचा एकही पोर्ट उघडायचा नाही. मला यासाठी वायरगार्ड सर्वांत पटतं. ते छोटं आहे, २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलमध्ये आहे, आणि अनोळखी हाकेला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. फोनचा बाहेरचा पत्ता बदलला तरी आतला खासगी पत्ता तोच राहतो, म्हणून घाटातली तुटातूटही कमी होते.

वायरगार्डला ऑफिसच्या बाजूला पोचता येईल असा एक सार्वजनिक पत्ता लागतो. तो नसेल तर वायरगार्डवरच बांधलेलं टेलस्केल वापरता येतं. दोन्ही बाजू बाहेरच्या मध्यस्थाकडे नोंद करतात, तो त्यांची गाठ घालून देतो, आणि संभाषण त्या दोघांतच कूटबद्ध राहतं. राउटरला हातही लावावा लागत नाही. छोट्या ऑफिसला हा मार्ग बहुतेक वेळा पुरतो.

वीज गेली तर

व्हीएम कितीही आभासी असलं तरी खालचा सर्व्हर लोखंडाचाच आहे. तो बंद पडला की फोनवर काहीच दिसणार नाही, व्हीपीएनसुद्धा नाही. त्यासाठी तीन सेटिंग आधीच करून ठेवा. सर्व्हरच्या बायोसमध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय असतो, तो निवडा. हायपरव्हायझरमध्ये प्रत्येक गरजेच्या व्हीएमला सर्व्हरबरोबर सुरू होण्याची खूण करा. आणि राउटर यूपीएसवर घ्या. पुष्कळ ठिकाणी सर्व्हरला यूपीएस असतो आणि राउटर उघड्यावर असतो, मग वीज जाताच चालू सर्व्हरशीही संपर्क तुटतो. ज्यांना ही कटकट नको, ते व्हीएम डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतात. सातपूरला ईएसडीएस या नाशिकच्याच कंपनीचं डेटा सेंटर आहे, पुण्यात मायक्रोसॉफ्टचं २०१५ पासून आणि मुंबईत ॲमेझॉनचं २०१६ पासून.

फोनच हरवला तर

एवढं सगळं एका फोनवर आणल्यावर तो फोन ही कारखान्याची किल्ली होते. म्हणून फोनसाठी वेगळा वापरकर्ता आणि वेगळी वायरगार्डची चावी, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी खूण, बनवा. लॅपटॉपवरची एसएसएचची खासगी चावी फोनवर कॉपी करू नका. फोनवरच नवी तयार करा आणि तिचा फक्त सार्वजनिक भाग व्हीएमला द्या. फोनच्या वापरकर्त्याला चालू-बंद आणि कन्सोल एवढेच अधिकार ठेवा. व्हीएम कायमचं पुसण्याचा अधिकार फोनला हवाच कशाला? लॉग इनचा सहा आकडी कोड त्याच फोनवर येत असेल, तर त्याचे राखीव कोड कागदावर लिहून ऑफिसच्या कपाटात ठेवा, नाहीतर फोनबरोबर तुम्हीही बाहेर.

मेळा स्टँडवर फोन गेला, तर आधी ऑफिसला फोन करून सर्व्हरवरून त्या फोनची चावी काढायला सांगा. एक ओळ पुसली की तो फोन परका होतो. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, ब्लॉक करणं आणि पोलिसांत तक्रार या त्यानंतरच्या गोष्टी. ही चावी कुठली आणि कशी काढायची, हे ऑफिसातल्या आणखी एकाला आधीच दाखवून ठेवलेलं असावं.

हे शिकायला सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हा हायपरव्हायझर टाका आणि त्यात उबंटू सर्व्हर ही लिनक्सची आवृत्ती बसवा. बसवताना ओपनएसएसएच, म्हणजे एसएसएचने आत येऊ देणारा प्रोग्रॅम, हवंय का असं विचारतात, तिथे हो म्हणा. व्हर्च्युअलबॉक्स नवीन व्हीएमला ‘नॅट’ नेटवर्क देतं, त्यात फोनला ते सापडणार नाही, म्हणून ते ‘ब्रिज्ड’ करा. मग अँड्रॉइड फोनवर टर्मक्स किंवा कनेक्टबॉट हे ॲप घेऊन एसएसएचने घरच्या वायफायवरून आत शिरा. जमलं की फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तेच करून पाहा. जोडणी होणार नाही. आता लिनक्समध्ये आणि फोनवर टेलस्केल टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉग इन करा आणि टेलस्केलने दिलेल्या १०० ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर पुन्हा जोडा.